सर्वांत थोर रॉक अल्बम कोणता? घरातल्या वादासाठी थोडा दारूगोळा

(सुरुवातीची धून)



आजचा विषय आमच्या गाडीत सुरू झाला. शारजाहून दुबईकडे जाणारी सकाळची गर्दी तुम्हाला सांगायला नको. गाडी हलत नाही, मोबाइलवर काय लावायचं यावरून एकमत होत नाही. नवऱ्याने पिंक फ्लॉइड लावलं. सोळा वर्षांची लेक म्हणाली, "बाबा, प्लीज, क्वीन." मी बीटल्सच्या बाजूची. आणि मागच्या सीटवर, तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेले सासरे. ते इतका वेळ खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "सर्वांत थोर म्हणताय, तर मग आमच्या गीतरामायणाचं काय?"

आधी आम्ही सगळे हसलो. मग लक्षात आलं, की खरा प्रश्न त्यांनीच विचारला होता. कारण सर्वांत थोर अल्बम कोणता हे ठरवायचं, तर अल्बम म्हणजे काय हे आधी ठरवायला लागतं.

जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आठवतात? एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. आपलं भावगीत तेवढंच का असतं, त्याचं एक कारण ती तबकडी आहे. मोठी रचना विकायची तर पाच-सहा तबकड्या जाड पानांच्या पाकिटांत घालून, फोटोंच्या अल्बमसारख्या एकत्र बांधून विकत. 'अल्बम' हा शब्द तिथून आला. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी बाजारात आणली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळायला लागली. दोन बाजू मिळून चाळीस मिनिटं. तरी पुढची कितीतरी वर्षं लोकप्रिय संगीतात एलपी म्हणजे दोन गाजलेली गाणी आणि बाकीची भरती. साठच्या दशकात काही मंडळींनी ही चाळीस मिनिटं एक सलग वस्तू म्हणून वापरायला सुरुवात केली, म्हणजे पहिलं गाणं कोणतं, बाजू उलटायच्या आधी कुठे थांबायचं, दुसरी बाजू कशाने उघडायची, असा सगळा विचार करून. आपण ज्याला क्लासिक रॉकचा अल्बम म्हणतो तो हा.

आता सासऱ्यांचा मुद्दा. गदिमांचे शब्द, बाबूजींचं संगीत, पुणे आकाशवाणी, १९५५च्या रामनवमीपासून पुढच्या वर्षीच्या रामनवमीपर्यंत दर आठवड्याला एक नवं गीत. मध्ये अधिक महिना आल्यामुळे बावन्नाऐवजी छप्पन्न. एक कथा, एक क्रम, एकच कवी-संगीतकार जोडी. सलगपणाच्या कसोटीवर गीतरामायण कुणालाही हार जाणार नाही. फक्त ते चाळीस मिनिटांच्या बैठकीसाठी नव्हतं, आठवडाभर वाट पाहण्यासाठी होतं. म्हणून मी त्याला आजच्या स्पर्धेत घेत नाही. सासऱ्यांना हा निकाल मान्य नाही, हेही नोंदवून ठेवते.

बरं, मग रॉकच्या लोकांचं काय म्हणणं आहे? या वादात अमेरिकेतल्या 'रोलिंग स्टोन' मासिकाची पाचशे अल्बमांची यादी हमखास निघते. २००३ साली तिच्यात पहिला होता बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड'. २०२० साली मासिकाने नव्याने मतं मागवली, नवे मतदार घेतले, आणि तोच अल्बम चोविसाव्या क्रमांकावर गेला. पहिला आला मार्विन गे यांचा 'व्हॉट्स गोइंग ऑन', जो रॉक नाही, सोल संगीत आहे. मधल्या सतरा वर्षांत सार्जंट पेपरचा एक सूरही बदललेला नव्हता. गंमत म्हणजे बीच बॉइजचा 'पेट साउंड्स' दोन्ही वेळेला दुसरा! आपल्याकडे वर्गात दुसरा येणारा मुलगा असतो ना, शिक्षक बदलले तरी दुसराच, तसा.

तेव्हा यादी बाजूला ठेवू आणि वादात नेहमी येणाऱ्या चार अल्बमांकडे आपल्या बाजूने बघू. आपल्या बाजूने म्हणते, कारण या चौघांपैकी तिघांचे धागे मुंबईला, पाचगणीला किंवा निदान आपल्या तबला-तंबोऱ्याला येऊन भिडतात, आणि चौथा आपल्याला इथे दुबईत भेटून गेला आहे.

माझ्या उमेदवारापासून सुरुवात करते. सार्जंट पेपर, १९६७. त्याची दुसरी बाजू कशाने उघडते? गिटारने नाही. तंबोऱ्याने. जॉर्ज हॅरिसनचं 'विदिन यू विदाउट यू', पाच मिनिटांचं, आणि बीटल्सपैकी त्यात एकटा हॅरिसनच आहे. आदल्या वर्षी, १९६६च्या सप्टेंबरात, हा माणूस मुंबईत ताजमहाल हॉटेलात राहून पंडित रविशंकरांकडे सतार शिकत होता. परत गेल्यावर त्याने हे गाणं रचलं, आणि १५ मार्च १९६७ला लंडनच्या ईएमआय स्टुडिओत त्याचं ध्वनिमुद्रण झालं. वाजवायला होते लंडनमध्ये राहणारे भारतीय वादक: तबल्यावर नटवर सोनी, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा, दिलरुब्यावर अमृत गज्जर आणि अण्णा जोशी.

अण्णा जोशी! दादरला भर गर्दीत या नावाने हाक मारली तर चार माणसं मागे वळतील.

पण ही नावं तबकडीच्या वेष्टनावर नव्हती. त्या वेष्टनाची केवढी कीर्ती! पीटर ब्लेक आणि जान हॉवर्थ यांनी केलेली ती प्रसिद्ध गर्दी, तिच्यात योगानंद आहेत, त्यांचे गुरू युक्तेश्वर आहेत, लाहिरी महाशय आहेत. गांधीजीही होते, पण कंपनीच्या प्रमुखांना वाटलं की भारतात लोक दुखावतील, म्हणून त्यांना छापण्याआधी काढून टाकलं. मागच्या बाजूला गाण्यांचे सगळे शब्द छापले होते. आणि ज्यांनी दुसरी बाजू उघडली त्या चार वादकांसाठी एक ओळ नाही. तब्बल पन्नास वर्षं जगभरचे रसिक त्यांना नुसतं 'भारतीय वादक' म्हणत राहिले. २०१७ साली, अल्बमच्या पन्नाशीच्या निमित्ताने, लिव्हरपूलच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी शोध घेतला आणि त्यांची नावं लोकांसमोर आणली.

परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट जरा जास्त लागते. दिवसभर दुसरीकडे पोटापाण्याचं काम, संध्याकाळी मंडळात तबला-पेटी. असे वादक आपल्या गणपतीतही असतात. त्यांच्यापैकी कुणाला उद्या फोन आला आणि दोन तास वाजवून ते घरी परतले, तर त्या दोन तासांचं काय होईल हे त्यांना तरी कुठे कळणार?

मग सार्जंट पेपर सर्वांत थोर का? माझा मुद्दा एवढाच, की रॉकचा अल्बम कशाकशाचा होऊ शकतो हे त्याने दाखवलं. एका बाजूला सर्कशीच्या जाहिरातीवरून केलेलं गाणं, दुसऱ्या बाजूला तंबोरा, शेवटी चाळीस वादकांचा वाद्यवृंद, आणि हे सगळं फक्त चार ट्रॅकच्या टेप यंत्रांवर. माझी लेक म्हणते, "आई, हे महत्त्वाचं आहे, पण ऐकायला बोअर आहे." महत्त्वाचं आणि थोर यात फरक आहे, हे तिचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही.

लेड झेपलिनच्या चौथ्या अल्बमकडे येऊ. नोव्हेंबर १९७१. वेष्टनावर बँडचं नाव नाही, अल्बमलाही नाव नाही, म्हणून लोक त्याला नुसतं 'फोर' म्हणतात. पहिल्या बाजूच्या शेवटी 'स्टेअरवे टू हेवन' आहे, ते तुमच्यापैकी निम्म्यांनी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गिटारवर वाजवलं असेल आणि उरलेल्यांनी सहन केलं असेल. मला त्याबद्दल बोलायचं नाही. दुसऱ्या बाजूचं दुसरं गाणं लावा: 'फोर स्टिक्स'. ड्रमर जॉन बॉनम प्रत्येक हातात दोन दोन काठ्या धरून वाजवतो, म्हणून हे नाव. टाळी देऊन मोजायला जा, पहिल्यांदा चुकाल. कारण ठेका पाच मात्रांचा आहे आणि मधूनच सहाचा होतो. सहा म्हणजे आपला दादरा. पाच म्हणजे झपतालाचा अर्धा तुकडा: धी ना, धी धी ना. रॉकच्या श्रोत्यांना हे अवघड जातं. ज्याने लहानपणी तबल्याच्या क्लासला दोन वर्षं काढली आहेत त्याला बोटांवर सापडतं.

आणि हे गाणं मुंबईत येऊन गेलं आहे. १९७२ साली जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. तिथल्या वादकांना जमवून त्यांनी दोन गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली: आधीच्या अल्बममधलं 'फ्रेंड्स' आणि हे 'फोर स्टिक्स'. त्याच मुक्कामात कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' या छोट्या क्लबमध्ये दोघांनी वाजवलंही. मुंबईतलं ते ध्वनिमुद्रण चाळीसहून अधिक वर्षं पेटीत पडून राहिलं आणि २०१५मध्ये 'कोडा' या अल्बमच्या नव्या आवृत्तीत अधिकृतपणे बाहेर आलं. तिथे 'फोर स्टिक्स'चं नाव झालं 'फोर हँड्स', आणि शेजारी कंसात 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. ऐका. जिथे मूळ गाण्यात ड्रम अंगावर येतात, तिथे तबला बसतो, आणि पाच-सहाची ती अडखळण एकदम घरगुती वाटायला लागते. माझ्या मते मूळ गाणं जास्त चांगलं आहे, कारण त्यातली अडखळण हीच त्याची मजा आहे. पण ऐकलंच नसेल तर वादात तोंड उघडू नका.

'फोर'च्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे ती आवाजाची. शेवटच्या गाण्यातले ड्रम एका जुन्या इंग्लिश वाड्याच्या जिन्याखालच्या चौकात मांडले होते आणि माइक वर जिन्यावरून टांगले होते. त्या घुमाऱ्यात त्या भिंतींचा मोठा वाटा आहे. देवळाच्या सभामंडपात पखवाज ऐकला असेल तर काय म्हणते ते कळेल.

लेकीचा उमेदवार. क्वीनचा 'अ नाइट ॲट द ऑपेरा', १९७५. फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला शिकला हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. सिनेमा आल्यापासून महाबळेश्वरच्या सहलीत लोक सेंट पीटर्स शाळेच्या फाटकाशी फोटो काढतात. पण त्याची गोष्ट आखाती देशांतल्या आईबापांनी जरा वेगळी वाचावी. फारुख बलसारा, पारशी कुटुंबातला, जन्म १९४६, झांझिबारचा. वडील तिथे ब्रिटिशांच्या नोकरीत. म्हणजे हे कुटुंबच नोकरीसाठी समुद्र ओलांडून गेलेलं, आणि मुलाला शिकायला आठव्या वर्षी इकडे, सातारा जिल्ह्यात, वसतिगृहात पाठवलेलं. आपल्याकडेही अशी घरं आहेत. 'इथली फी, तिथले संस्कार' या हिशोबात मूल पाचगणी-देवळालीला ठेवलेली. तिथे तो पियानो शिकला आणि बारा वर्षांचा असताना 'द हेक्टिक्स' नावाचा शाळेचा बँड झाला, त्यात तो होता. १९६४मध्ये झांझिबारच्या क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडला गेलं.

त्याच्या संगीतात पाचगणी कुठे सापडते, असं लेकीने मला विचारलं. सूर शोधायला गेलात तर नाही सापडणार. पण शाळेत एका भाषेत प्रार्थना, मित्रांशी दुसऱ्या भाषेत, घरी तिसऱ्या, असं वाढलेलं मूल ऑपेरा, बॅले, नाटकगृहातली हलकीफुलकी गाणी आणि कानठळ्या बसवणारं रॉक एका तबकडीवर शेजारी शेजारी ठेवतं आणि त्यात त्याला काहीच विचित्र वाटत नाही, हे मला तरी समजतं. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'तला तो शेकडो माणसांचा वाटणारा समूहस्वर म्हणजे तीनच गळे आहेत: मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर. पुन्हा पुन्हा, थरावर थर, दिवसाचे दहा-बारा तास. टेप इतक्यांदा यंत्रातून गेली की तिच्यावरचा लेप झिजून ती आरपार दिसायला लागली. गाणं पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं. रेडिओवर एवढं मोठं कोण लावणार, असं तेव्हा म्हणत होते. आम्ही रेडिओवाले असे नेहमीच चुकतो.

या अल्बमबद्दल माझी तक्रार एकच. तो मोठ्या लग्नातल्या पंगतीसारखा आहे. एकेक पदार्थ उत्तम, पण पानातल्या पानात एकमेकांशी फार बोलत नाहीत.

राहिला नवऱ्याचा उमेदवार, आणि इथे मला थोडी माघार घ्यावी लागणार आहे. पिंक फ्लॉइड, 'द डार्क साइड ऑफ द मून', मार्च १९७३. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १९७३ ते १९८८ या काळात ७४१ आठवडे. याचा भारताशी तसा संबंध नाही. पण २००७च्या फेब्रुवारीत रॉजर वॉटर्सने हा अख्खा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत मुंबईत वाजवला आणि त्याच महिन्यात दुबईत वाजवला. मुंबईचं तिकीट हुकलेल्या आणि नोकरीसाठी नुकत्याच इकडे आलेल्या माणसांना तो योग दुसऱ्यांदा मिळाला. आमच्या घरात त्या तिकिटाचा तुकडा अजून पासपोर्टच्या फायलीत आहे.

दुसरी बाजू उघडते 'मनी'ने. सुरुवातीला नाण्यांचा, गल्ल्याचा, कागद फाटण्याचा आवाज येतो. हे आवाज वेगवेगळे मुद्रित करून, टेपचे सारख्या लांबीचे तुकडे कापून, जोडून वेटोळं केलं आणि ते फिरवत ठेवलं. तुकडे किती? सात. म्हणून गाण्याच्या मात्रा सात. आपला रूपक! तीन-दोन-दोन धरून टाळी द्या, बसते. पुढे सॅक्सोफोनपर्यंत सात चालतात, आणि गिटार सुटली की ठेका चारवर येतो. तोपर्यंत आपल्याला कळलेलंच नसतं की आपण इतका वेळ श्वास धरून बसलो होतो.

त्याआधी, पहिल्या बाजूच्या शेवटी, एका बाईचा आवाज आहे. शब्द नाहीत, नुसता आलाप. क्लेअर टोरी. रविवारी बोलावलं म्हणून दुप्पट, तीस पौंड देऊन तिला घरी पाठवलं. त्या आलापाची रचना तिची स्वतःची होती, तिला कुणी सूर लिहून दिले नव्हते. वेष्टनावर गायिका म्हणून नाव होतं, रचनाकार म्हणून नव्हतं. २००४ साली ती कोर्टात गेली, पुढच्या वर्षी समेट झाला, आणि आता त्या रचनेवर रिचर्ड राइटबरोबर तिचंही नाव असतं. ज्याने कधी ख्याल ऐकला आहे त्याला आलाप म्हणजे रचनाच, हे सांगायला कोर्ट लागत नाही.

आणि सलगपणा म्हणाल तर इथे गाणी संपत नाहीत, एकातून दुसरं उमलतं. हृदयाच्या ठोक्याने सुरुवात, हृदयाच्या ठोक्यावर शेवट. मध्ये वेळ, पैसा, मरण, डोकं फिरणं. त्रेचाळीस मिनिटं. यातलं एक गाणं काढून दुसरीकडे लावलं तर काहीतरी तुटल्यासारखं वाटतं. सार्जंट पेपरबद्दल मी, त्याची मोठी चाहती असून, असं म्हणू शकत नाही. तेव्हा प्रश्न 'सर्वांत मोठा बदल कुणी घडवला' असा असेल तर माझं मत बीटल्सलाच. पण 'सर्वांत थोर अल्बम' असा असेल, अल्बम म्हणजे चाळीस मिनिटांची एक सलग वस्तू असं आपण सुरुवातीला धरलं असेल, तर डार्क साइड. हे मी घरी अजून बोललेले नाही. इथेच कळेल त्याला.

पटत नसेल तर करून बघा. दुबई ते अबू धाबी म्हणजे साधारण दीडेक तास. दोन अल्बम बरोबर मावतात. जाताना एकाचा उमेदवार, येताना दुसऱ्याचा. मध्ये गाणं पुढे ढकलायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, आणि मोबाइलवरचं शफल आधी बंद करायचं. आमच्या घरी पुढच्या शनिवारी अल ऐनची फेरी ठरली आहे. सासऱ्यांनी अट घातली आहे की परतीच्या वाटेवर गीतरामायण, आणि तेही पहिल्या गीतापासून. छप्पन्न गीतं आहेत, म्हणजे वाटेत जेवायला थांबावं लागणार.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!

(शेवटची धून)